तुलना गटातली हौशी

आमच्या कागदांत हौशीला नाव नाही. तिथे ती ‘तुलना–११७’ आहे. उत्तर देणाऱ्याची ओळख गुप्त राहावी म्हणून नाव कुठे लिहायचं नाही असा नियम आहे. नियम चांगला आहे आणि तीन वर्षं मी तो इमानानं पाळला. आज मोडतेय. तिला विचारून मोडतेय. ती म्हणाली, “लिही की. माझा नाव काय चोरीचा हाय?”

मी प्राजक्ता. राहणार जव्हार, एसटी डेपोच्या मागे. अर्थशास्त्रात एम.ए. केलं आणि काम मिळालं ते लोकांच्या ओटीवर बसून फॉर्म भरायचं. पुण्याची एक संस्था आहे. कुठल्या योजनेवर पैसा खर्च झाला, त्यातून लोकांचं खरंच काही भलं झालं की नुसते फोटो निघाले, हे ती आकड्यांवरून शोधून काढते. या कामाला मूल्यमापन म्हणतात. संस्थेतली माणसं हुशार आहेत, संगणकापुढे बसतात. जव्हार-मोखाड्याचे चढ चढायला, पाड्यापाड्यावरच्या कुत्र्यांची ओळख ठेवायला आणि एका फॉर्मचे अडुसष्ट प्रश्न न चिडता विचारायला त्यांना कोणीतरी लागतं. ते कोणीतरी म्हणजे मी. न चिडण्याचं मात्र मला कधीच नीट जमलं नाही.

खोडाळ्याला बायकांसाठी गवंडीकाम शिकवायचं केंद्र निघालं ते २०२२ साली. एका कंपनीचा पैसा होता. पत्र्याची एक मोठी शेड, वाळू, विटा आणि शिकवायला गोरख मिस्त्री. कल्पना मला तेव्हाही आवडली होती आणि आजही आवडते. इकडे पाड्यापाड्यांवर घरकुलं बांधली जात होती आणि भिंत रचायला गवंडी यायचा तो बाहेरून. आमच्या बायका त्याच्या हाताखाली घमेली उचलायच्या. गवंड्याची मजुरी वेगळी, बिगाऱ्याची वेगळी आणि बाई बिगारी असेल तर आणखी वेगळी. तीन महिने शिकायचं, शेवटी प्रमाणपत्र घ्यायचं आणि आपल्याच गावात गवंडी म्हणून उभं राहायचं, असा तो बेत होता.

जागा शंभर आणि अर्ज आले दोनशे. मग बाजाराच्या दिवशी खोडाळ्यात सगळ्यांसमोर बादलीत चिठ्ठ्या टाकल्या. त्या का टाकल्या हे आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल हा काय पोरखेळ. शिकायला जो आपणहून येतो त्याची धडपड मुळातच दुसऱ्यापेक्षा जास्त असते. पुढे त्याची कमाई वाढली तर ती शिकल्यामुळे वाढली की धडपडीमुळे, हे कसं सांगणार? शिवाय माणूस शिकायला वळतो तोच मुळी एखादं वर्ष वाईट गेल्यावर. पुढच्या वर्षी कमाई तशीही थोडी सावरतेच आणि मग सगळं श्रेय प्रशिक्षणवाले घेतात. चिठ्ठ्या टाकल्या की हा घोळ मिटतो. शंभर शिकतात, शंभर थांबतात, दोन्हीकडे धडपडे तितकेच आणि गांजलेले तितकेच. दोन वर्षांनी दोघांच्या कमाईत जो फरक दिसेल तो प्रशिक्षणाचा. शिकणाऱ्यांचा तो लाभार्थी गट आणि थांबणाऱ्यांचा तुलना गट. यात मला काही खोट दिसत नाही. मी पद्धतीवर रागावलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते.

हौशी आणि मीना एकाच पाड्यावरच्या, शेजारणी. दोघी पहाटे निघून चालत खोडाळ्याला आल्या होत्या. मीनाची चिठ्ठी निघाली, हौशीची राहिली. मीना रडायला लागली आणि हौशीच तिची समजूत घालत होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. गोरख मिस्त्रींनी राहिलेल्या शंभरजणींना सांगितलं की दोन वर्षांनी दुसरी तुकडी तुमचीच, एकीलाही सोडणार नाही. तसा छापील कागदही प्रत्येकीला दिला. हौशीनं तो घडी करून पोलक्यात ठेवला.

तेव्हा हौशी पस्तिशीची असेल. अंगानं बारीक, आवाज मात्र पलीकडच्या टेकाडावर पोचेल असा. नवरा लक्ष्या, बोलायला कमी. भाताची दोन खाचरं, वर उतारावर थोडी नागली. दिवाळी उरकली की भट्टीची जीप पाड्यावर येते आणि ही दोघं भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जातात. भट्टीवाला नवरा-बायकोची जोडी घेतो, एकट्याला घेत नाही. मेअखेरीस परत. बारा वर्षं हेच चाललेलं. त्या पहिल्या फॉर्मच्या वेळी मी विचारलं, गवंडीकामच का शिकायचंय? ती म्हणाली, बारा वर्षं विटा थापल्या, किती लाख ते देवाला ठाऊक, पण एक वीट दुसरीवर रचायला कोणी दिली नाही. मग म्हणाली की भट्टी सोडायची आहे. एवढंच तिला हवं होतं. दिवाळीनंतर जीप यावी आणि आपण तिच्यात चढू नये.

फॉर्म संपला की शेवटी दोन वाक्यं मोठ्यानं वाचून दाखवावी लागतात. ‘तुमच्या सहभागामुळे कार्यक्रमात सुधारणा होण्यास मदत होईल. आपला अमूल्य वेळ दिल्याबद्दल धन्यवाद.’ मी वाचली. हौशीनं विचारलं, कोणाच्या कार्यक्रमात? मी तर कार्यक्रमात नाही. मी हसण्यावारी नेलं. तेव्हा मी बरंच काही हसण्यावारी नेत होते.

केंद्र सुरू झालं ते जूनच्या शेवटी, म्हणजे ऐन आवणीत. आवणी म्हणजे राबात, रोपांच्या वाफ्यात, वाढवलेली भाताची रोपं उपटून खाचरात लावायची. चार-आठ दिवस चुकले की वर्षाचं भात चुकलं. लाभार्थ्यांनी हजेरी चुकवायची नाही असा केंद्राचा नियम, आणि हा नियम करणाऱ्यांच्या घरी कोणी भात लावत नसावं. मीनाच्या घरी धड काम करणारी माणसं दोन, ती स्वतः आणि तिचा नवरा. ती केंद्रात गेली असती तर रोपं राबातच म्हातारी झाली असती. हौशीनं सांगितलं, तू जा, तुझी आवणी मी करते. बारा दिवस ती मीनाच्या खाचरात वाकली. स्वतःची आवणी लक्ष्यावर टाकली आणि ती उशिरा झाली.

आता सावड म्हणजे काय ते आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. तू माझ्या शेतात राबलीस तितके दिवस मी तुझ्या शेतात राबायचं. पैसे द्यायचे नाहीत. सावडीचे पैसे पुढे केले तर समोरची उठून जाते. हाताचं हातानंच फेडायचं आणि वर्ष उलटायच्या आत फेडायचं. मीनावर हौशीची बारा दिवसांची सावड चढली होती. आणि तिचे दिवस तर केंद्रात अडकलेले, फेडणार कशी? तेव्हा तिच्या हाताला जे नवीन होतं तेच तिनं दिलं. रोज तिन्हीसांजेला केंद्रातून आली की हौशीच्या घरामागे दोघी बसायच्या. भट्टीवरून आणलेल्या तुकडा विटा, चिखलाचा माल आणि उधार मागून आणलेली थापी. दोरी कशी ताणायची, ओळंबा कसा सोडायचा, खालच्या थराच्या सांध्यावर वरचा सांधा का येऊ द्यायचा नाही, हे मीना दिवसा जितकं शिकायची तितकं संध्याकाळी उतरवून द्यायची. बारा दिवस झाले, सावड फिटली, तरी दोघी थांबल्या नाहीत.

आणि हे एकतर्फी नव्हतं बरं का. वीट पक्की की कच्ची हे हौशी बोटाचा सांधा मारून आवाजावरून सांगते. ते गोरख मिस्त्रींनाही इतकं नेमकं येत नाही, त्यांनीच माझ्याजवळ कबूल केलं. ते तिनं मीनाला शिकवलं आणि मीनाकडून केंद्रातल्या सगळ्या बायका शिकल्या. म्हणजे तुलना गटानं लाभार्थी गटाला प्रशिक्षण दिलं. आमच्या कुठल्याच तक्त्यात याला रकाना नव्हता.

पुढच्या मे महिन्यात मी दुसरा फॉर्म घेऊन गेले. हौशी भट्टीवरून परतली होती आणि आल्या आल्या मीनाबरोबर एका घरकुलाची भिंत उचलत होती. कोपरापर्यंत सिमेंट. मी एक्केचाळिसावा प्रश्न विचारला, गेल्या बारा महिन्यांत तुम्ही कोणतंही प्रशिक्षण घेतलं का?

“नाय,” ती म्हणाली.

मी म्हटलं, अगं मग हे काय? थापी कुठून आली हातात? ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मला साधंही काही कळत नाही. प्रशिक्षण मीनाला मिळालं, चिठ्ठी तिची निघाली, तिनं सांगितलं. माझी पाळी पुढच्या वर्षी. “ही तं सावड,” ती म्हणाली. न मिळालेलं मिळालं म्हणून सांगायचं तिच्या मनातही आलं नाही. पाड्यावर आणखी चौघी तुलना गटातल्या होत्या. त्यांतल्या तिघी हौशीच्या हाताखाली वीट धरायला शिकल्या होत्या. एकीनं तिची नागली निंदली होती, दुसरीनं पाणी वाहिलं होतं. तिघींनीही एक्केचाळिसाव्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणून सांगितलं. खोटं कोणीच बोललं नाही.

फॉर्ममध्ये ‘होय’ लिहिलं तर पुढे संस्थेचं नाव, कालावधी आणि प्रमाणपत्र क्रमांक भरावा लागतो. मी पुण्याला फोन लावला. तिथून सांगण्यात आलं की संस्थेचं नाव नसेल तर ‘नाही’ भरा, मॅडम, फार खोलात जाऊ नका. मी ‘नाही’ भरलं. हे मी केलं, आणि ते लपवणार नाही. पण शेवटच्या पानावर ‘शेरा’ म्हणून चार बोटं जागा असते, तिथे मी बारीक अक्षरात लिहिलं की या पाड्यावर शिकलेलीकडून न शिकलेली शिकते आहे, सावडीनं. चिठ्ठ्या माणसांच्या न टाकता पाड्यांच्या टाकायला हव्या होत्या, म्हणजे अख्खा एक पाडा शिकला असता आणि दुसरा अख्खा थांबला असता. त्या वर्षी असे एकोणीस शेरे लिहिले, त्याच्या पुढच्या वर्षी एक्केचाळीस. ते कोणी वाचले नाहीत. शेऱ्यांचे आकडे होत नाहीत, म्हणून ते संगणकात चढवलेच गेले नव्हते, हे मला मागाहून कळलं.

दोन वर्षांत हौशीचा हात मीनाच्याही पुढे गेला. पाड्यावरची आठ घरकुलं दोघींनी मिळून उभी केली. गवंडी म्हणून मजुरीही दोघींनी सारखीच घेतली, कारण घरं पाड्यातल्यांचीच होती आणि त्यांना भिंत सरळ हवी होती, कागद नको होता. २०२३ च्या दिवाळीनंतर जीप आली तेव्हा हौशीच्या हातात काम होतं. ती चढली नाही. लक्ष्याही थांबला, तिच्या हाताखाली माल कालवायला. जीपवाल्यानं दोन वेळा हॉर्न वाजवला आणि गेला, हे ती मला तीन वेळा सांगून हसली. तिचं इतकं हसणं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

पण आठ घरं म्हणजे आठच घरं. ती संपली. पुढे जी कामं होती ती ठेकेदारांची होती, अंगणवाडीची खोली, शाळेचं कुंपण, आणि ठेकेदाराला गवंडी म्हणून प्रमाणपत्रवालीच हवी होती. हौशी निर्धास्त होती. दुसरी तुकडी तिचीच होती. पोलक्यातला कागद आता भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीमागे गेला होता. २०२४ चा जून आला तेव्हा केंद्रानं सांगितलं की अहवाल येईपर्यंत थांबा.

अहवाल सप्टेंबरात आला. एकशे बारा पानं. त्यातलं महत्त्वाचं वाक्य एकच होतं. लाभार्थी गट आणि तुलना गट यांच्या कमाईत जो फरक आढळला तो इतका किरकोळ आहे की योगायोगानंही आला असता. सबब प्रशिक्षणाचा परिणाम सिद्ध होत नाही. कंपनीनं पैसा थांबवला. शेडचे पत्रे उतरले. गोरख मिस्त्री नाशिककडे कामाला गेले आणि दुसरी तुकडी निघालीच नाही.

अहवाल वाचून माझं डोकं फिरलं. शंभरजणींना शिकवलं आणि दीडशेहून जास्त शिकल्या, म्हणून कार्यक्रम नापास! शिकलेल्या बायका कोत्या असत्या, दार लावून बसल्या असत्या, शेजारणीला थापीला हात लावू दिला नसता, तर हाच कार्यक्रम पहिल्या नंबरानं पास झाला असता. मी पुण्याला हेमंत सरांना फोन केला. अहवाल त्यांनी लिहिलेला. फोनवर मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण माझी आई आतल्या खोलीतून बाहेर आली एवढं सांगते. हेमंत सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मी येऊन बघतो. आले. हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. माणूस वाईट नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो, कारण वाईट असता तर एकदाच शिव्या घालून मोकळी झाले असते.

दिवाळीला पंधरा दिवस होते. भात कापणीला आलेलं. मी सरांना पाड्यावर घेऊन गेले आणि दोन घरकुलं दाखवली, समोरासमोरची. एकाची भिंत मीनानं रचलेली, दुसऱ्याची हौशीनं. कुठली कोणाची ते मी सांगितलं नाही. म्हटलं, तुम्हीच ओळखा. सर दोन्ही भिंतींभोवती फिरले. मोबाईल लावून सरळपणा तपासला, कोपऱ्यात गुडघे टेकून बसले, सांधे बघितले. दहा मिनिटं गेली. मीना आणि हौशी ओटीवर उभ्या होत्या. मला वाटलं, आता कळलं यांना.

“फरक दिसत नाही,” सर म्हणाले. आणि मग अगदी शांतपणे, समजावून सांगावं तसं, “अहवालात आम्ही हेच तर म्हटलंय.”

मी काही बोलायच्या आत हौशी ओटीवरून खाली उतरली. तिला सगळं समजलं नव्हतं, पण हवं तेवढं समजलं होतं. मीनानं तिला शिकवलं म्हणून केंद्र बंद झालं का, असं तिनं विचारलं. सरांनी बराच वेळ गवंडीकामाबद्दल, नमुन्याबद्दल, गृहीतकांबद्दल सांगितलं. एका गटाला दिलेलं दुसऱ्या गटापर्यंत पोचत नाही असं गणितात धरलेलं असतं, ते म्हणाले. हौशी ऐकत राहिली. मग तिनं तोच प्रश्न उलटा विचारला.

“मीनानं माना शिकवला नसता, तं केंद्र चालला असता?”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “तांत्रिकदृष्ट्या, हो.”

“म्हंजे तिनं हात आखडता घ्याया पायजे होता.”

मीना आत निघून गेली. सर म्हणाले, मी अहवालात तळटीप घालतो. घातली, खोटं कशाला बोलू. चौदा नंबरची तळटीप, सत्त्याण्णवाव्या पानावर, ‘काही ठिकाणी अनौपचारिक ज्ञानप्रसार आढळला’. अख्ख्या पाड्याची दोन वर्षांची सावड पाच शब्दांत गुंडाळली. तळटीप वाचून कोणी पत्रे परत चढवत नाही.

त्यानंतर मीना हौशीला घेऊन अंगणवाडीच्या ठेकेदाराकडे गेली. माझ्यापेक्षा हिचा हात चांगला आहे, हिला गवंडी धरा, असं तिनं सांगितलं. ठेकेदारानं कागद मागितला. हौशीनं तसबिरीमागचा कागद काढून नेला होता, दोन वर्षांनी तुमची पाळी असं लिहिलेला. ठेकेदारानं तो वाचून परत दिला. बिगारी म्हणून ये म्हणाला, महिनाभराचं काम आहे. महिनाभराच्या घमेल्यांवर वर्ष निघत नाही. दिवाळी झाली, जीप आली. मीना म्हणे शेताच्या वाटेनं निघून गेली, जीप बघायला थांबली नाही. हौशी आणि लक्ष्या चढले.

या वर्षी मे महिन्यात पुण्याहून शेवटच्या फेरीचे फॉर्म आले. केंद्र बंद झालं तरी अभ्यास पुरा करायचा असतो. मी जाणार नव्हते. मग वाटलं, आपण नाही गेलो तर दुसरं कोणीतरी जाईल आणि त्याला हौशी फक्त एकशे सतरा म्हणून दिसेल. गेले. आधी मीनाचा फॉर्म भरला. मुख्य काम, गवंडी. कामाचे दिवस भरपूर, मजुरी चांगली. ती सगळं खाली मान घालून सांगत होती, गुन्हा कबूल करावा तसं. मग हौशीचा. मुख्य काम, वीटभट्टी. हातांना भट्टीच्या मातीचा रंग चढला होता. तिनं घरामागे बघितलं, तिथे त्या तुकडा विटांची अर्धी भिंत अजून उभी होती, आणि मग माझ्याकडे बघितलं. बाकी सदुसष्ट उत्तरं तिनं सरळ दिली. एक्केचाळिसाव्याला ‘नाय’ म्हणाली.

सरांचा फोन पुढच्या महिन्यात आला. आवाजात आनंद मावत नव्हता. म्हणाले, प्राजक्ता, या फेरीत फरक दिसतोय, चांगला ठळक. लाभार्थी बरेच पुढे गेलेत आणि तुलना गट जवळपास पूर्वीच्या जागी परतलाय. कार्यक्रमाचा दीर्घकालीन परिणाम आता सिद्ध करता येईल. मी विचारलं, मग केंद्र परत सुरू होईल? ते म्हणाले, तो आपला विषय नाही, पण निबंध फार चांगला होईल. मी फोन ठेवला. हौशीला जीपमध्ये परत चढवलं तेव्हा कुठे त्यांचा फरक आला. तिची जिंकलेली दोन वर्षं पुसली तेव्हा गणित सुटलं. या गणिताची मला लाज वाटते, आणि त्यातले आकडे माझ्या हातचे आहेत याची त्याहून जास्त.

पण मला सांगायचं होतं ते त्या मे महिन्यातलं, फॉर्म संपला तेव्हाचं. शेवटच्या पानावर ती दोन वाक्यं होती. मोठ्यानं वाचायची. आधीच्या तीन फेऱ्यांत मी ती शेकडो दारांत वाचली होती. त्या दिवशी मला वाचवेनात. मी कागद मिटला आणि पिशवीत घालायला लागले. हौशी म्हणाली, राहिलं ना तुझं. मी म्हटलं, आज राहू दे.

तिनं पदर नीट केला. शाळेत कविता म्हणायला उभं केलेल्या पोरीसारखी सरळ बसली आणि पुण्याच्या मराठीत, एक अक्षर न चुकता म्हणाली, “तुमच्या सहभागामुळे कार्यक्रमात सुधारणा होण्यास मदत होईल. आपला अमूल्य वेळ दिल्याबद्दल धन्यवाद.”

मग ती आत गेली आणि माझ्यासाठी चहा टाकला.